टाइप रेटिंगचा खर्च कुणाचा? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

मागच्या लेखात आपण 'विषय' आणि 'प्रश्न' यांतला फरक बघितला. विषय कितीही मोठा असू शकतो, प्रश्न मात्र असा हवा की ज्याचं उत्तर चुकीचंही ठरू शकेल, असं मी म्हटलं होतं. आज एक आख्खं उदाहरण घेऊन बसू या. ते पुस्तकातलं नाही, आमच्या घरातलं आहे.

गेल्या दिवाळीत मावशीकडे गेले होते. माझ्या मावसभावाने वर्षभरापूर्वी फ्लाइंग स्कूल संपवलं. २०० तासांचं उड्डाण झालं, परीक्षा झाल्या, सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचा परवाना हातात आला. नोकरी मात्र नाही. फराळ चालू असताना त्याने विचारलं, "ताई, ए३२०चं रेटिंग स्वतःच्या पैशाने करून टाकू का? सगळे करतायत." काका तेव्हा काही बोलले नाहीत. नंतर अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू इतिहासात पीएचडी करतेस ना? मग आधीच्या लोकांनी काय केलं एवढं तरी सांग. राहतं घर बँकेकडे आहे. आता उरलंय ते रस्त्याकडेचं दीड एकर."

माझं संशोधन शिकाऊ कामगारांच्या इतिहासावर आहे. कारखान्यात नवा माणूस काम शिकत असताना त्याचा खर्च कोण सोसतो, हा त्यातला मुख्य धागा. विमानांचा मी कधी विचार केला नव्हता. पण काकांचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, हा तर माझाच प्रश्न आहे, फक्त कॉकपिटमध्ये बसलेला.

आधी शब्द समजून घेऊ

सीपीएल असला म्हणजे कुठलंही विमान उडवता येतं असं नाही. मोठ्या जेट विमानाच्या प्रत्येक जातीसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते. तीच टाइप रेटिंग. आपल्याकडे जुने लोक अजून 'एंडोर्समेंट' म्हणतात. त्यात वर्गातला अभ्यास, लेखी परीक्षा, सिम्युलेटरवरचे तास आणि शेवटी कौशल्य चाचणी असते. नवख्या पायलटला त्यानंतर खऱ्या विमानावर काही टेक-ऑफ आणि लँडिंग करावी लागतात, त्याला बेस ट्रेनिंग म्हणतात. पुढे कंपनीत गेल्यावर प्रवाशांसह, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली लाइन ट्रेनिंग. हे सगळं झालं की मग तो खऱ्या अर्थाने फर्स्ट ऑफिसर.

हे निव्वळ कागदी सोपस्कार आहेत असं समजू नका. इंडियन एअरलाइन्सकडे ए३२० विमानं १९८९ मध्ये आली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी त्यातलंच एक विमान बेंगळुरूला उतरताना कोसळलं. विमानात १४६ जण होते, ९२ गेले. उतरताना विमान अशा स्वयंचलित स्थितीत होतं की इंजिनं आयडलवर राहिली, वेग घटत गेला आणि ते वेळेत लक्षात आलं नाही. हजारो तासांचा अनुभव असलेला माणूससुद्धा नव्या जातीच्या विमानात काही काळ नवशिकाच असतो, हे अशा अपघातांतून दिसतं. रेटिंग त्यासाठी आहे. म्हणून 'रेटिंग हवं का' हा आपला प्रश्न नाहीच. ते हवंच. प्रश्न असा आहे की त्याचे पैसे कुणी आणि कधी भरायचे?

खर्चाचा ढोबळ अंदाज असा: भारतात सीपीएलला ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातात. ए३२०चं रेटिंग साधारण १५ ते २५ लाख. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण द्यावं लागतं. म्हणजे पहिल्या कर्जातच घर गेलेलं असतं, दुसऱ्याला शेत.

जेव्हा हा प्रश्नच पडत नव्हता

इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिली गोष्ट काय करायची? आज जे 'असतंच' वाटतं ते कधीपासून आहे, ते बघायचं.

जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा पायलट परवाना १० फेब्रुवारी १९२९ ला मिळाला. त्याच सुमारास मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता इथे फ्लाइंग क्लब उभे राहत होते. क्लब म्हटलं की आपल्याला श्रीमंतांचा शौक आठवतो आणि ते बरंचसं खरंही आहे. पण या क्लबांना सरकारी अनुदान होतं. उडायला शिकण्याच्या खर्चात सरकारचा वाटा पहिल्यापासून होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली आणि भारतात विमान कंपन्यांचं पेव फुटलं. वाहतूक कमी, कंपन्या जास्त. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली हवाई वाहतूक चौकशी समिती नेमली गेली, ती याच गोंधळातून. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. देशांतर्गत कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, आंतरराष्ट्रीय उड्डाणं एअर इंडियाकडे राहिली.

आता यातलं आपल्या कामाचं काय ते बघा. पुढची चाळीसेक वर्षं देशात नियमित प्रवासी वाहतुकीचे मालक दोनच, आणि दोन्ही सरकारी. इंडियन एअरलाइन्सने पायलटला नव्या विमानावर शिकवलं, तर तो शिकून जाणार कुठे? समोर दुसरी कंपनीच नव्हती. त्यामुळे प्रशिक्षणाचा खर्च बुडण्याची भीती कमी. हैदराबादला कंपनीचं स्वतःचं सेंट्रल ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंट होतं. पहिला परवाना उमेदवाराने आणायचा, पण विमानाची जात कंपनीच्या दारात शिकायची, अशी ती वाटणी होती. १९८५ मध्ये रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी स्थापन झाली. म्हणजे परवान्याच्या टप्प्यावरही सरकारने आणखी एक पाऊल टाकलं.

ब्रिटनमध्ये वेगळ्या वाटेने जवळपास तसंच घडलं. १९६० मध्ये हॅम्बल इथे बीओएसी आणि बीईए या दोन सरकारी कंपन्यांसाठी पायलट घडवणारं महाविद्यालय सुरू झालं. पण १९७०च्या दशकातल्या मंदीत तिथून बाहेर पडलेल्या मुलांना पुरेशा जागा उरल्या नाहीत. १९८०च्या दशकात ते बंद झालं. हे लक्षात ठेवा: कंपनीने पैसे भरले तरी नोकरीची खात्री नसते. फरक इतकाच की तेव्हा नोकरी गेली तरी त्या मुलांच्या डोक्यावर रेटिंगचं कर्ज नव्हतं.

तो काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. जागा मोजक्या होत्या, वशिल्याच्या तक्रारी होत्या, बायकांना कॉकपिटपर्यंत पोचायला फार झगडावं लागलं. 'पूर्वी बरं होतं' हा निष्कर्ष इतिहासात सगळ्यात स्वस्त असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा.

सिम्युलेटर: बिल वेगळं काढणारं यंत्र

मग हा खर्च कंपनीकडून उमेदवाराकडे सरकला कसा? 'कंपन्या लोभी झाल्या' हे उत्तर सुचतं. पण कंपन्यांना पैसे वाचवायची इच्छा १९६० मध्येही होतीच. इच्छा जुनी असेल तर तिने नवा बदल समजावता येत नाही. काहीतरी नवं शोधावं लागतं.

मला वाटतं, पहिली नवी गोष्ट सिम्युलेटर. पूर्वी मोठं जेट शिकायचं तर मोठं जेटच लागे. म्हणजे ज्याच्याकडे विमान, तोच शिक्षक. आणि ते धोकादायकही होतं. १९६७ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला डेल्टाचं एक डीसी-८ प्रशिक्षण उड्डाणात, इंजिनं बंद पडल्याचा सराव करताना कोसळलं. १९ माणसं गेली, त्यातली १३ जमिनीवरची. आपल्याकडे ८ मार्च १९९४ ला दिल्ली विमानतळावर सहारा इंडियाचं बोइंग ७३७ प्रशिक्षण उड्डाणातच पडलं. आत एक प्रशिक्षक आणि तीन शिकाऊ पायलट होते. विमान जाऊन उभ्या रशियन विमानावर आदळलं आणि एकूण ९ जणांचा मृत्यू झाला.

सिम्युलेटर सुधारत गेले तसं असलं प्रशिक्षण जमिनीवर आणता आलं. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने १९८० मध्ये प्रगत सिम्युलेटरवर टप्प्याटप्प्याने जास्तीत जास्त प्रशिक्षण करायला मुभा देणारी योजना आणली. त्यातून जीव वाचले, यात वाद नाही. पण एक परिणाम असाही झाला ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. रेटिंगसाठी विमान कंपनीची गरज जवळजवळ संपली. सिम्युलेटर विकत घेऊन कुणीही प्रशिक्षण केंद्र काढू शकतं, तास विकू शकतं. जे पूर्वी नोकरीच्या पोटात होतं ते आता बाजारात सुटं मिळू लागलं. आणि सुटं मिळतं म्हटलं की 'ते तुम्हीच घेऊन या' असं सांगणं सोपं होतं.

'जवळजवळ' म्हणाले ते मुद्दाम. बेस ट्रेनिंगला खरं विमान लागतं आणि लाइन ट्रेनिंगला प्रवासी. हे दोन्ही अजून कंपनीकडेच आहेत. बाहेर सुटं मिळतं ते अर्धवट असतं. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

एकाच जातीची विमानं

दुसरी गोष्ट समजून घ्यायला थोडं अर्थशास्त्र लागतं. गॅरी बेकर यांचं 'ह्यूमन कॅपिटल' १९६४ मध्ये आलं. त्यातला आपल्या कामाचा भाग साधा आहे. कौशल्य दोन तऱ्हेचं असतं: एक, जे फक्त याच मालकाकडे उपयोगी, दुसरं, जे कुठल्याही मालकाकडे चालतं. पहिल्याचा खर्च करायला मालक तयार असतो. दुसऱ्याचा करत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या दुकानात जाईल.

टाइप रेटिंग यातलं कुठलं? इथे थांबून विचार करा. उत्तर काळानुसार बदलतं, आणि म्हणूनच हा इतिहासाचा प्रश्न होतो. देशात एखादी जात एकाच कंपनीकडे असेल, तर ते रेटिंग त्या कंपनीपुरतंच. पण अनेक कंपन्या तेच विमान वापरू लागल्या, की तेच रेटिंग 'कुठेही चालणारं' होतं. शिकवण्यात फरक काही नाही, बाजार मात्र बदललेला असतो.

स्वस्त विमान कंपन्यांची घडणच एका जातीवर आहे. सुटे भाग एकच, मेकॅनिक तेच, पायलट कुठल्याही विमानावर बसवता येतो. अमेरिकेत १९७८ मध्ये आणि युरोपात १९९०च्या दशकात बाजार खुला झाल्यावर ही पद्धत वाढली. भारतात एअर कॉर्पोरेशन्स कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, आणि २००३ ते २००६ या काळात एअर डेक्कन, किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो अशा कंपन्या एकामागून एक आल्या. बहुतेकांचा भर ए३२० किंवा ७३७ या दोनच कुळांवर. बेकर यांच्या हिशेबाने कंपन्यांनी रेटिंगच्या खर्चातून हात काढून घेणं आता जवळपास ठरलेलंच होतं.

पायलट पळवले जात होते, हे सरकारलाही दिसत होतं. २००५ मध्ये डीजीसीएने राजीनाम्याआधी सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली. २०१७ मध्ये कमांडरसाठी ती वर्षभराची झाली. जरा थांबून बघा, सरकारने काय निवडलं. माणसाच्या जाण्यावर बंधन घातलं, पण शिकवण्याचा खर्च कुणी करायचा याबद्दल तसा नियम केला नाही. याच देशात १९६१चा अप्रेंटिसेस कायदा आहे, ज्यानुसार कारखान्याला शिकाऊ फिटर घ्यावा लागतो आणि त्याला विद्यावेतन द्यावं लागतं. आयटीआयच्या मुलाला शिकताना पैसे मिळतात, पायलट शिकताना पैसे देतो. मला हे सापडलं तेव्हा माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण नव्याने लिहावं लागलं.

पॅरिस, जून २००५

आता काकांच्या प्रश्नाच्या जवळ येऊ. भावाचा मुख्य युक्तिवाद होता, "ताई, ऑर्डर बघ." आणि ऑर्डर खरंच प्रचंड आहेत. २०२३च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा केली, जूनमध्ये इंडिगोने एकदम ५००. एवढी विमानं येणार तर पायलट लागणारच की.

त्याला मी २००५च्या जूनमधल्या पॅरिस एअर शोची गोष्ट सांगितली. त्या एकाच प्रदर्शनात दोन भारतीय कंपन्यांनी मोठ्या घोषणा केल्या. एक होती इंडिगो, तेव्हा तिचं एकही विमान उडालेलं नव्हतं. तिने १०० ए३२० मागवली. दुसरी किंगफिशर, तिने जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान, ए३८०, पाच मागवली. पहिली आज देशातली सगळ्यात मोठी कंपनी आहे. दुसरीकडे एकही ए३८० आलं नाही, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ती बंद पडली. त्या दिवशी पॅरिसमध्ये उभं राहून यातली कुठली टिकेल हे कोण सांगू शकलं असतं? ऑर्डर हा मालकाचा इरादा असतो, नोकरीचा कागद नाही. इंडिगोच्या त्या ५०० विमानांची सोपवणी २०३० ते २०३५ दरम्यान ठरलेली आहे. कर्जाचा हप्ता मात्र पुढच्या वर्षी सुरू होतो.

आणि कंपन्या बंद पडल्या की काय होतं? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण झालं. जेटचा मोठा ताफा ७३७चा. म्हणजे हजारो तासांचा अनुभव असलेले ७३७चे पायलट एका रात्रीत बाजारात आले. त्याच्या महिनाभर आधी, १३ मार्चला, भारतात ७३७ मॅक्स विमानं जमिनीवर बसवली गेली होती. ती बंदी ऑगस्ट २०२१ पर्यंत चालली. २०१८ मध्ये कुणी घर गहाण ठेवून ७३७चं रेटिंग केलं असेल, तर त्याची अवस्था काय झाली असेल, विचार करा. त्याच्याकडे रेटिंग होतं आणि २०० तास. रांगेत पुढे उभ्या असलेल्यांकडेही तेच रेटिंग, आणि पाच हजार तास. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा हेच ए३२०च्या बाबतीत घडलं.

इथे मला या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली. रेटिंग विकत घेणारा मुलगा समजतो की तो कौशल्य विकत घेतोय. ते खरंच आहे. पण त्याच्या जोडीने तो कंपनीची जोखीमही विकत घेतो. तेल महागणं, इंजिनात दोष निघणं, रुपया घसरणं, मालकाचं दिवाळं, हे सगळं पूर्वी कंपनीच्या वहीत होतं. रेटिंग आधी आणि नोकरी नंतर, असा क्रम उलटला की ते दीड एकराच्या सातबाऱ्यावर येतं.

जे बोलत नाहीत त्यांचं काय

आता पद्धतीचा एक धडा, कारण तुमच्यापैकी बरेच जण मुलाखतींवर आधारित काम करणार आहात.

"सगळे करतायत" असं भाऊ म्हणाला. हे सगळे म्हणजे कोण? त्याच्या ओळखीत तिघं होते ज्यांनी स्वतःच्या पैशाने रेटिंग केलं आणि लागले. ते भेटतात, गणवेशात फोटो टाकतात, नव्या मुलांना सल्ला देतात. ज्यांनी रेटिंग केलं आणि लागले नाहीत, ते कुठे आहेत? कुणी काकाच्या दुकानात, कुणी बँकेच्या परीक्षेला, कुणी रिअल इस्टेटमध्ये. ते पायलटांच्या गटातून बाहेर पडलेत, म्हणून तुमच्या नमुन्यातूनही बाहेर पडलेत. २००८च्या मंदीनंतर भारतात हजारोंनी सीपीएलधारक बेकार होते. त्यांतल्या किती जणांची मुलाखत तुम्ही वाचली आहे? दप्तरात यशाच्या नोंदी राहतात, माघार घेतलेल्या माणसाला फाइल नसते.

म्हणून अशा विषयात साधनं बदलून बघावी लागतात. नोकरीच्या जाहिराती घ्या आणि 'पात्रता' ही एकच ओळ वर्षानुवर्षं वाचत जा: 'सीपीएलधारक' कधी होतं, 'टाइप रेटेड असल्यास प्राधान्य' कधी आलं. बाँडचे करार वाचा. बाँडच्या रकमेवरून झालेले खटले वाचा. कंत्राट कायद्याच्या कलम ७४ खाली भरपाई वाजवी होती का, यावर वकील भांडतात तेव्हा प्रशिक्षणाचा खरा खर्च कागदावर येतो. कर्जाचे फॉर्म वाचा. युरोपात २०१५ मध्ये गेंट विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात सहा हजारांहून जास्त पायलटांनी आपल्या नोकरीच्या अटी सांगितल्या होत्या. पैसे भरून प्रवासी विमान उडवण्याची पद्धत, 'पे टु फ्लाय', त्यातून नीट समोर आली. पण तिथेही तेच बघा: उत्तरं देणारे कॉकपिटमध्ये पोचलेले होते.

मग काकांना काय सांगितलं?

इतिहास भविष्य सांगत नाही. पण कुठला कागद कुणाच्या बाजूचा आहे ते वाचायला शिकवतो. मी आणि भाऊ एका वहीत पाच प्रश्न लिहून बसलो.

एक: हातात पत्र आहे का? कंपनी निवडते, मग रेटिंगचे पैसे तुमच्याकडून घेते, हा एक प्रकार. आधी रेटिंग करा, मग बघू, हा दुसरा. दोन्हीत पैसे तुमचेच, पण जोखीम सारखी नाही. पत्र असेल तर त्यातली 'अटी लागू' ही ओळ वाचा; बॅच पुढे ढकलली तर काय, ते त्यात असतं किंवा नसतं.

दोन: बेस ट्रेनिंग कोण देणार? पॅकेजमध्ये खरं विमान आहे, की सिम्युलेटरवरच थांबतं?

तीन: वर्षभर बोलावणं आलं नाही तर? न वापरलेलं रेटिंग शिळं होतं. ते चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे.

चार: ही जात देशात किती कंपन्या वापरतात? आणि त्यातली एक उद्या बंद पडली तर रांगेत तुमच्यापुढे कोण येईल?

पाच: दोन वर्षं पगार आला नाही तर हप्ता कशातून जाईल? या प्रश्नाचं उत्तर मुलाने द्यायचं नाही, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याने द्यायचं.

दुसरी बाजूही लिहिली, कारण ती खरी आहे. पायलटची ज्येष्ठता रुजू झालेल्या तारखेवर चालते. एक वर्ष थांबलात तर कमांडही मागे जाते, आणि त्याचा पैशातला तोटा मोठा असतो. थांबण्यात हातही सुटतो. २००६च्या सुमारास ज्यांनी धाडस केलं त्यातले बरेच जण आज कमांडर आहेत, त्यांना मूर्ख कोण म्हणेल? पण त्यांना पुढची दोन वर्षं माहीत नव्हती. ते चतुर होते की त्यांची वेळ बरी होती, हे निकालावरून ठरवता येत नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं: पत्र हातात नसेल तर रेटिंगसाठी जमीन विकू नये. पत्र असेल आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर काकांना झेपत असेल, तर पुढे बोलू. दरम्यान इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करावं. त्यात खर्च कमी, तास वाढतात, हात चालू राहतो.

त्याने ते ऐकलं. आता तो एका फ्लाइंग स्कूलमध्ये सहायक इन्स्ट्रक्टर आहे, पगार जेमतेम. दीड एकर जागेवर आहे, यंदा त्यात हरभरा होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख जास्त आत्मविश्वासाने लिहिला असता. पण मार्चमध्ये त्याचा फोन आला. त्याच्याच बॅचच्या एका मुलाने पत्र नसताना रेटिंग केलं होतं, आणि तो लागला. भाऊ म्हणाला, "ताई, तुझा इतिहास चुकला का?"

मी लगेच काही बोलले नाही. मग म्हटलं की तो लागला याचा आनंदच आहे, आणि एका माणसाच्या निकालावरून निर्णय बरोबर होता की नाही ते ठरत नाही. हे मी तुम्हालाही शिकवते, आणि त्यात काही चूक नाही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. माझ्या वाक्याची किंमत तो रोज सकाळी मोजतोय, मी नाही. सल्ला देणाऱ्याचंही काही पणाला लागलेलं नसतं, अगदी रेटिंग विकणाऱ्या केंद्रासारखंच. संशोधन करताना आपण लोकांना त्यांच्या निर्णयांबद्दल विचारतो, तेव्हा हे विसरू नये.

काकांनी मात्र मागच्या आठवड्यात वेगळंच विचारलं. "हे पैसे आपण भरायचे असं ठरलं कधी? आपल्याला कुणी विचारलं होतं का?" बघा, याला म्हणतात संशोधनाचा प्रश्न. घरात बसलेल्या माणसाने, कुठलंही सैद्धांतिक पुस्तक न वाचता विचारलेला.

या वेळचा अभ्यास: तुमच्या घराने शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी भरलेली एखादी रक्कम निवडा. क्लासची फी असेल, डिपॉझिट असेल, संगणकाचा कोर्स असेल. ती पूर्वी कोण भरत होतं, ती तुमच्याकडे कधी आली आणि तेव्हा बाजारात नेमकं काय बदललं, याचं एक पान लिहा. शेवटी हेही लिहा की तुम्ही कुणाशी बोलू शकला नाहीत. पुढच्या लेखात आपण त्या न भेटलेल्या माणसांपर्यंत पोचायच्या वाटा बघू.